उपजीविका आणि उद्दिष्ट : कमाईकडे पाहण्याची सम्यक दृष्टी

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. कोणी चांदूर रेल्वेहून येतो, कोणी दर्यापूरहून, कोणी बडनेऱ्याच्याच जुन्या वस्तीतून पायी येतो. प्रश्न बहुधा एकच असतो. "सर, पोट्ट्याले लवकर नौकरी लागन असं काही सांगा." या प्रश्नाला नाक मुरडावे असे आम्हांला कधी वाटले नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घराने मुलाच्या शिक्षणाकडे आधी पोटाच्या बाजूने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु तोच मुलगा एप्रिल महिन्यात जयंतीच्या व्यासपीठावरून दुसरेच काही ऐकतो. तेथे त्याला सांगितले जाते की शिकून समाजाचे ऋण फेडावे, स्वतःपुरते पाहू नये. घरी एक आणि व्यासपीठावर दुसरे, अशा दोन आज्ञा कानी पडल्यामुळे त्याची समजूत होते की हे दोन वेगळे रस्ते आहेत : एक पैशाचा आणि एक ध्येयाचा. या समजुतीचा फेरविचार व्हावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

आपल्या वऱ्हाडात ही समजूत अधिक घट्ट बसण्याला कारण आहे. सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे त्याग उभा राहतो. हातात खराटा आणि गाडगे घेऊन फिरणारे गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. कुष्ठरुग्णांसाठी १९४६ साली तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन अमरावतीचे. मेळघाटातील बैरागडला नाममात्र शुल्कात रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपणा सर्वांना अभिमान वाटला. या मंडळींपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. त्याग करण्यासाठी आधी हातात काहीतरी असावे लागते. ज्याच्या आईने निंदण-खुरपणाच्या मजुरीवर त्याची वह्या-पुस्तके घेतली, त्या पहिल्या पिढीच्या पदवीधराने कमाई सोडून सेवेला लागावे असे आपण सुचवतो, तेव्हा त्या त्यागाचा भार त्याच्यावर पडत नाही. तो त्याच्या म्हाताऱ्या आईवर पडतो. असे आदर्श मुलांपुढे ठेवताना हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

तथागतांनी गृहस्थांना जो उपदेश केला, त्यात हा हिशेब आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाची कथा येते. आम्ही बायकामुलांत राहणारी, सुखोपभोग घेणारी माणसे. आमचे हित कशात आहे, असे तो विचारतो. त्याला भगवंत संसार सोडून दे असे सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात : उद्योगात निपुण व्हावे, कष्टाने मिळवलेले जपावे, चांगल्यांची संगत धरावी आणि आयव्ययाचा तोल राखून जगावे. पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक बाब तेथे आहे. उपजीविकेच्या साधनांत शेती येते, व्यापार येतो, गोपालन येते, धनुर्विद्या येते, राजाची चाकरी येते आणि कोणतीही कला किंवा कारागिरी येते. राजाची चाकरी ही त्या यादीतील केवळ एक बाब आहे. आपल्या घरोघरी मात्र उरलेल्या सर्व बाबी पुसल्या गेल्या असून तेवढी एकच शिल्लक राहिली आहे.

तोल राखण्याविषयी त्याच ठिकाणी जे सांगितले आहे, तेही एकांगी नाही. उत्पन्नापेक्षा अधिक उधळणारा जसा चुकतो, तसाच हाती असूनही हलाखीत दिवस काढणारा चुकतो. सिगालोवाद सुत्तात तर कमाईची विभागणीच दिली आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात, चौथा अडीअडचणीसाठी. आजच्या पगारदाराला अर्धा पगार व्यवसायात घालणे शक्य नाही, हे उघड आहे. परंतु कमाईतला काही हिस्सा आपली कमावण्याची शक्ती वाढविण्यावर खर्च झाला पाहिजे, हे त्यातले तत्त्व अडीच हजार वर्षांनंतरही जुने झालेले नाही. नोकरी लागताच पहिल्या वर्षी हप्त्यावर मोटारसायकल येते, दुसऱ्या वर्षी मोठे लग्न होते आणि पुढचे शिक्षण कायमचे राहून जाते, हा क्रम आपल्या वस्त्यांतून किती वेळा दिसतो! अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : जवळ असण्याचे, उपभोगण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यांतले शेवटचे सर्वांत श्रेष्ठ मानले आहे. पण पहिली तीन सुखे त्याज्य ठरविलेली नाहीत, हे विसरू नये.

आता ज्यांच्या नावाने आपण शिकलो, त्यांच्याच उपजीविकेकडे पाहू. परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांनी घर कशावर चालविले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

१९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले असताना राहायला जागा मिळू नये, कचेरीत अपमान व्हावा, अशा अवस्थेत त्यांना ते शहर सोडावे लागले. मुंबईस येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार चांगला होता आणि त्यातून त्यांनी लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी बचत केली. परंतु ही सरकारी नोकरी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. सरकारी सेवेत असलेल्या बाबासाहेबांना ते पत्र उघडपणे स्वतःच्या नावाने चालविता येत नव्हते. पगार देणारा हात तोंडावरही येऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यानंतर त्यांनी जे निवडले, त्याचा विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा असे आम्हांला वाटते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली परतले ते अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवीसह बॅरिस्टर होऊन, आणि त्यांनी वकिली सुरू केली. वकिली म्हणजे मालक नसलेला व्यवसाय. पण अस्पृश्य वकिलाकडे श्रीमंत पक्षकार येणार कोठून? नुसत्या वकिलीवर भागत नव्हते. म्हणून जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवू लागले. मार्च १९२८ पर्यंत ते काम चालू होते. या तारखा महाडच्या तारखेशेजारी ठेवून पाहाव्यात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा पुढारी त्या काळात जमाखर्चाच्या विद्यार्थ्यांना करारांचा आणि हुंड्यांचा कायदा शिकवून संसार चालवीत होता. 'बहिष्कृत भारत' त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाला, आणि या वेळी संपादक म्हणून त्यांचे स्वतःचे नाव होते.

आम्हांला यात मोठा अर्थ दिसतो. कमाई ही त्यांच्या कार्याची शत्रू नव्हती, आणि तिचे मोजमाप केवळ रकमेवरही नव्हते. ती कोणाच्या हातून येते, ती घेताना तोंड उघडे राहते की नाही आणि दिवसातले किती तास आपल्यापाशी उरतात, हे त्यांनी पाहिले. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्यपद सांभाळले, वकिलीत जम बसला, दादरला 'राजगृह' उभे राहिले आणि तेथे ग्रंथांना जागा मिळाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या या पुरुषाने त्याआधीची वीस-बावीस वर्षे स्वतःच्या बुद्धीची किंमत बाजारात वसूल केली होती, ही गोष्ट सांगताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

उपजीविका परक्याच्या हाती असली म्हणजे काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्काराचे शस्त्र कसे चालते, ते नोंदविले. हक्क मागणाऱ्या अस्पृश्याला मारहाण करण्याचीही गरज पडत नसे. गावाने काम बंद केले, दुकानदाराने माल नाकारला, जमीनमालकाने कसायची जमीन काढून घेतली की तो आपोआप गप्प बसे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी विधिमंडळात विधेयक आणले ते १९२८ सालीच. गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, या उपजीविकेतून माणूस मोकळा झाल्याखेरीज त्याचे मतही मोकळे होणार नाही, ही त्यामागची धारणा होती. चांगले उत्पन्न म्हणजे चैन, असे आज ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास डोळ्यांआड करू नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पदरी पगार आला आणि समाज विसरला, हे त्यांना शेवटच्या वर्षी पाहावे लागले. ही खंत पैसे कमावण्याविरुद्ध होती असे कोणी मानत असेल, तर ते त्या भाषणाचा विपर्यास करीत आहेत. कमावून झाल्यावर पाठ फिरविण्याविरुद्ध ती होती.

आपल्याच रेल्वेमार्गावरचे एक उदाहरण घेऊ. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील रोपरखेडा या गावी १९६१ साली जन्मलेल्या कल्पना सरोज यांचे नाव आता देशाला ठाऊक आहे. वडील पोलीस शिपाई. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईत सासरी छळ, वडिलांनी परत आणले, गावाने नावे ठेवली. पुन्हा मुंबईला जाऊन त्यांनी शिवणकामाच्या कारखान्यात अगदी तुटपुंज्या मजुरीवर सुरुवात केली. शिलाई हाती आल्यावर सरकारी योजनेतील कर्ज घेऊन स्वतःचा व्यवसाय मांडला, मग फर्निचर, मग बांधकाम. देण्यांत आणि खटल्यांत बुडालेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी तिच्या कामगारांच्याच आग्रहावरून त्यांनी हाती घेतली आणि कामगारांची थकलेली देणी चुकती केली. २०१३ साली व्यापार-उद्योग क्षेत्रासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. या कथेत लोकांना यशाची झळाळी दिसते. आम्हांला त्यातली शिवणयंत्राची पायरी महत्त्वाची वाटते. आधी हातात एक असे कौशल्य आले, की ज्यासाठी अनोळखी माणूसही पैसे मोजतो. उद्दिष्ट त्या कौशल्याच्या आधाराने मोठे होत गेले. कामगारांचे पगार द्यायचे, हे उद्दिष्ट सोळाव्या वर्षी त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

अमरावतीचेच सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई यांनी १९८५ साली वकिलीला आरंभ केला. नागपूर व अमरावती महानगरपालिकांचे आणि अमरावती विद्यापीठाचे वकील म्हणून त्यांनी काम पाहिले, २००३ साली उच्च न्यायालयात आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्याला वास्तुविशारद व्हायचे होते, वकिली ही वडिलांची, म्हणजे दादासाहेब गवई यांची इच्छा होती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. (हे लिहिताना आम्ही पालकांच्या हाती आयते हत्यार देत आहोत, याची आम्हांला जाणीव आहे. त्यांनी ते जपून वापरावे.) मुद्दा असा, की 'आवडीचे काम शोधा' या आजकाल सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्यात अर्धेच सत्य आहे. पुष्कळदा आवड आधी नसते. काम नीट जमू लागले म्हणजे ती येते.

आता स्पर्धा परीक्षांविषयी. हा विषय नाजूक आहे, पण या अंकाचे वाचक आमच्या घरचेच आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि साधारण हजार उमेदवारांची शिफारस होते. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना तेथे वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत बसता येते आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांची वयोमर्यादा ४३ आहे. ही सवलत न्याय्य आहे आणि ती मोठ्या संघर्षातून आलेली आहे. परंतु सवलत म्हणजे मुदत नव्हे. पुण्यात खोली, खाणावळ, अभ्यासिका आणि शिकवणी मिळून महिन्याला दहा हजार धरले, तरी पाच वर्षांत सहा लाख होतात. ते बहुधा बापाच्या शेतावरील किंवा भविष्यनिर्वाह निधीवरील कर्जातून येतात. त्याच पाच वर्षांत जे कौशल्य हाती आले असते आणि जी मिळकत झाली असती, ती वेगळीच. आमचे म्हणणे असे, की जो या परीक्षेला बसेल त्याने किती वर्षे बसणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घरच्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याआधी पोटाला लागेल असे एक शिक्षण पूर्ण करावे. परिचारिका, विद्युततंत्री, लेखापाल, शिक्षक, काहीही. ज्याच्या मागे असा आधार आहे तो परीक्षेच्या दालनातही निर्धास्त बसतो.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगायला हवी. सरकारी नोकरीविषयीचे आपले चित्र जुन्या काळातले आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन राहिले नाही. अंशदायी योजना आली. पुष्कळ कामे कंत्राटावर गेली. दुसरीकडे बडनेऱ्याची विजय मिल बंद पडली, तरी याच परिसरात मालडब्यांच्या दुरुस्तीचा रेल्वे कारखाना आला, नांदगाव पेठेत वस्त्रोद्योग उभा राहत आहे, आणि एप्रिल २०२५ पासून शेजारच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमान उडते आहे. वीजजोडणी करणारा, वेल्डर, शीतयंत्रे दुरुस्त करणारा, हिशेब ठेवणारा, रुग्णालयातील तंत्रज्ञ यांची गरज या सर्वांना लागते. मुलींच्या बाबतीत तर आम्ही आग्रहाने सांगू, की परिचर्येचे शिक्षण हे 'लग्न होईपर्यंतचे काम' समजून देऊ नये. ती पूर्ण आयुष्याची स्वतंत्र उपजीविका आहे आणि तिच्यात सेवा वेगळी शोधावी लागत नाही.

काम निवडताना सम्यक आजीविकेची कसोटी लावायची ती कशी? शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार उपासकाने करू नये, असे सुत्तात सांगितले आहे. ही यादी वाचून आपण त्यात नाही म्हणून निश्चिंत होणे सोपे आहे. पण आपल्या शेजारचे उदाहरण पाहावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीची औषधे विकणारे कृषी सेवा केंद्र हा निषिद्ध व्यवसाय आहे काय? आम्ही तसे मानणार नाही; शेतकऱ्याला ते केंद्र लागते. परंतु एकच दुकानदार दोन प्रकारे वागू शकतो. एक जण गिऱ्हाइकाला हातमोजे व तोंडावर कापड बांधण्यास सांगतो, किती मात्रा घ्यावी ते समजावतो, गरज नसेल तर बाटली विकत नाही. दुसरा जास्त नफ्याची तीन औषधे एकत्र करून देतो. पाटी तीच, परवाना तोच. आजीविका सम्यक आहे की नाही, हे गल्ल्यावर ठरते. जुगाराच्या मोबाइल खेळांची जाहिरात करणारा संगणक अभियंता, नापास होणारच अशा मुलांकडून आगाऊ शुल्क घेणारा शिकवणीवाला आणि गरिबाला दामदुपटीने पैसे देणारा आपलाच पगारदार बांधव यांनाही ही कसोटी लागू आहे. शेवटच्या प्रकाराविषयी समाजात कोणी बोलत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

दानाविषयीही असाच हिशेबी विचार व्हावा. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. पंचवीस हजार पगारात तो साडेबाराशे होतो, लाखाच्या पगारात पाच हजार. म्हणजे आपल्याच मुलाने अधिक कमावले, तर समाजाच्या वाट्याला अधिक येते. एवढे साधे गणित असताना मोठ्या पगाराच्या नोकरीवर गेलेल्याकडे आपण 'तो आता आपला राहिला नाही' अशा नजरेने का पाहतो, हे कळत नाही. त्याच्याकडे पाहण्यापेक्षा त्याला विसावा हिस्सा मागणे अधिक उपयुक्त ठरेल.

पैशाहून जे अधिक दुर्मीळ आहे, ते दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टींत तिसऱ्या क्रमांकावर आहे : कल्याणमित्र. आमच्या विद्यार्थ्यांना बुद्धीची वाण नाही. त्यांना वाण आहे ती विचारायला माणूस असण्याची. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना राज्य सरकार परदेशी शिकायला पाठवते. त्या अर्जाला पदवीच्या कोणत्या वर्षापासून तयारी लागते, हे बारावीच्या मुलाला कोण सांगणार? पुण्याच्या बार्टी संस्थेचे प्रशिक्षण, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, रेल्वे कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी, या सर्वांची माहिती कागदावर उपलब्ध आहे. ज्याने स्वतः अर्ज भरला आहे तोच सांगू शकतो की जातवैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करावे आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आईचे नाव आधारकार्डाप्रमाणेच असावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमची मागणी देणगीपेक्षा वेगळी आहे. या अंकासोबत एक छापील पत्रक जोडले आहे. त्यात आपण आज कोणते काम करता, त्या कामापर्यंत कोणत्या शिक्षणाने आणि किती वर्षांत पोहोचलात, पहिला पगार किती होता व आज किती आहे, आणि महिन्यातून एका रविवारी एका विद्यार्थ्याशी अर्धा तास दूरध्वनीवर बोलाल काय, एवढेच विचारले आहे. रिक्षा चालवणाऱ्यांनी, शेती करणाऱ्यांनी आणि दुकान मांडलेल्यांनीही ते भरावे. आम्हांला केवळ साहेबांची यादी नको आहे. पहिल्या पगाराचा आकडा लिहिताना कोणी संकोच करू नये. दहावीच्या मुलाला आणि त्याच्या बापाला संपूर्ण पत्रकात सर्वांत उपयोगाचा तोच आकडा आहे.